बक्षिसाचे मत आणि मंडळाचे मत

हंगाम संपला की आवडत्या खेळाडूला प्रेक्षकांनीच मते देऊन गौरवावे, ही प्रथा कबड्डीच्या मैदानावरही आली आहे. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू ही पारितोषिके पंच व गुणलेखक यांच्या नोंदींवरून ठरतात. त्यांच्या जोडीला काही स्पर्धांत ‘पब्लिक हिरो’ नावाचे एक बक्षीस असते आणि ते प्रेक्षकांच्या पसंतीचे मानले जाते. खेळातील जाणकार मंडळी या बक्षिसाकडे पाहून हसतात. लोकांना खेळातले काय कळते, ते दिसण्यावर, गावावर, जातीवर मते देतात, असे त्यांचे म्हणणे असते. हा युक्तिवाद समाजवादी कार्यकर्त्याच्या परिचयाचा आहे. प्रौढ मताधिकाराविरुद्धही एकेकाळी नेमके हेच सांगितले जात होते.

जाणकारांच्या बाजूने एक मोठे उदाहरण मात्र आहे. २०२१ साली आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची वार्षिक पारितोषिके जाहीर झाली, तेव्हा आठही पारितोषिके भारताच्या वाट्याला आली. टोकियोत भारतीय पुरुषांना कांस्यपदक मिळाले होते आणि महिला चौथ्या आल्या होत्या. सुवर्णपदके बेल्जियमचे पुरुष व नेदरलँड्सच्या महिला यांची होती. बेल्जियमच्या हॉकी संघटनेने मतदानपद्धतीच फसल्याची उघड तक्रार केली. तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. तथापि मतांची विभागणी पाहिली म्हणजे वेगळे चित्र दिसते. निम्मे वजन राष्ट्रीय संघटनांच्या मतांना होते, पाव वृत्तपत्रीय प्रतिनिधींना, आणि उरलेला पाव हिस्सा खेळाडू व प्रेक्षक यांनी मिळून वाटून घ्यायचा होता. त्या वर्षी सुमारे तीन लाख प्रेक्षकांनी मते दिली. म्हणजे लाखो माणसे पावापेक्षाही कमी वजनाची, आणि दोष मात्र सारा त्यांच्या माथी! पुढील वर्षी तज्ज्ञांची समिती नेमून तिला सर्वांत मोठा वाटा देण्यात आला. त्या समितीच्या मतांसहही २०२२ चा सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडू हरमनप्रीत सिंगच ठरला.

दुसरे उदाहरण राणी रामपालचे. हरियाणातील शाहाबाद मारकंडा येथे गाडा ओढून पोट भरणाऱ्या बापाची ही मुलगी. २०१९ सालासाठीच्या ‘वर्ल्ड गेम्स’च्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या जागतिक जनमतात एकूण ७,०५,६१० मतांपैकी १,९९,४७७ मते तिला मिळाली.  भारताची लोकसंख्या मोठी, म्हणून मते मोठी, हे खरेच. परंतु मोठ्या लोकसंख्येने आपल्यातल्या एका श्रमिकाच्या मुलीला उचलून धरले, यात लाजण्यासारखे काय आहे?

तेव्हा लोक मत देतात हा दोष नव्हे. ते मत कशावर देता येते आणि त्याचा हिशेब कोणाकडे असतो, हा खरा प्रश्न आहे.

प्रेक्षकाने केलेला गौरव मराठवाड्याला नवीन नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात निकाली कुस्ती मारणारा मल्ल हलगीच्या तालावर फडाभोवती फिरतो आणि बसलेली माणसे त्याच्या हातावर दहा-वीस, पन्नास रुपये ठेवतात. श्रीमंताची नोट तेथेही मोठीच असते. मात्र कोणी काय दिले हे साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत घडते आणि पैसा थेट मल्लाच्या हाती पडतो. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी २००५ च्या सुमारास लघुसंदेशाने मत देण्याची जी पद्धत रूढ केली, तिने हे दोन्ही उलटे केले. एका माणसाने हवी तितकी मते द्यावीत, प्रत्येक संदेशाला नेहमीपेक्षा अधिक दर मोजावा, आणि ते उत्पन्न वाहिनी व दूरध्वनी कंपनी यांनी वाटून घ्यावे! पैशाच्या प्रमाणात मत, ही भागधारकांची रीत झाली, लोकशाहीची नव्हे. आज मोबाइलवरचे मत बहुधा फुकट असते. पण त्याच्या बदल्यात मतदाराचा क्रमांक आणि त्याच्या आवडीनिवडी व्यापाऱ्याच्या वहीत जातात.

२०१४ पासून चालू असलेल्या व्यावसायिक कबड्डी लीगमधील संघ कंपन्यांच्या मालकीचे आहेत. तेथे प्रेक्षक आवडत्या खेळाडूसाठी घसा कोरडा करू शकतो, पसंतीही नोंदवू शकतो. पण त्याच खेळाडूला पुढच्या लिलावात संघाने सोडून दिले, तर त्याला विचारणारा कोणी नाही. खेळणे म्हणून हाती दिलेला मताधिकार असाच असतो.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातील फुटबॉलचे क्लब पाहावेत. तेथेही हंगामाअखेर खेळाडूंना पदके देण्याचा सोहळा असतो आणि समर्थकांच्या पसंतीचे बक्षीस वेगळे असते. परंतु मेलबर्नच्या बहुतेक जुन्या क्लबांचे कार्यकारी मंडळ सभासद निवडतात. १९८९ साली फुटस्क्रे या कामगारवस्तीतील कर्जबाजारी क्लबाचे फिट्झरॉय क्लबात विलीनीकरण करण्याचे लीगने ठरविले, तेव्हा समर्थकांनी दारोदार डबे फिरवून दहा लाखांहून अधिक डॉलर उभे केले आणि क्लब वाचवला. १९९६ साली मेलबर्न आणि हॉथॉर्न या दोन क्लबांच्या विलीनीकरणावर सभासदांचे मतदान झाले. मेलबर्नच्या सभासदांनी होकार दिला, हॉथॉर्नच्या सभासदांनी तो बेत उधळून लावला. फुटस्क्रेचा तो क्लब नाव बदलून पुढे २०१६ साली विजेता ठरला, १९५४ नंतर प्रथमच. बक्षिसाच्या मताला तेथे किंमत आहे, कारण त्यामागे क्लबाचे मत उभे आहे.

परभणी जिल्ह्यात, सेलू-मानवतपासून गंगाखेड-पालमपर्यंत, कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांचा भार वाहतात ती गावोगावची क्रीडा मंडळे. नोंदणीकृत मंडळाला घटना असते, सभासदांची सर्वसाधारण सभा असते, मताचा अधिकार असतो. बहुतेक ठिकाणी तो कागदावरच राहतो. अध्यक्ष स्थानिक पुढारी, बक्षिसांचे दाते त्याच्या भोवतीचे, आणि सभेचे इतिवृत्त सभा न घेताच लिहिलेले. खेळणारी पोरे शेतमजुरांची. त्यांचे नाव सभासदांच्या यादीत सापडणे कठीण. मुलींचे तर त्याहून कठीण. अशा मंडळाने ‘पब्लिक हिरो’साठी मते मागावीत, हा विनोद नाही तर काय?

पक्षाच्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळ जण अशा मंडळांत आहेत. त्यांनी हंगामाच्या बक्षिसासाठी अवश्य मतदान घ्यावे. एका सभासदाला एक मत, मतमोजणी मैदानावर, आकडे फळ्यावर. फोनवरचे मतदान सरसकट मोडीत काढू नये. गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर भागातील ऊसतोड मजूर ऐन हंगामात कारखान्यांच्या फडावर असतात. आपल्या गावच्या पोराला मत देण्याचा त्यांच्यापाशी तेवढाच मार्ग असतो. घरातला एकुलता फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो, हेही विसरू नये. म्हणून बायकांची मते मैदानावर चिठ्ठीने घ्यावीत. आणि त्याच दिवशी, त्याच यादीवर, मंडळाच्या अध्यक्षाचीही निवडणूक ठेवावी. तारीख मात्र मार्चअखेरची नको. टोळ्या परत आल्यावर, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची असावी.