टपाल आपल्या दप्तरी

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविल्यावर ईमेलसाठी कोणता प्रोग्राम घ्यावा, असा प्रश्न पडला. ब्राउझर पुरेसा आहे, असे चिरंजीवांचे मत. मी मात्र ३ जून २०२० विसरलो नव्हतो. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. पुढे कित्येक दिवस आमच्याकडे ना वीज, ना नेटवर्क. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर लॅपटॉप सुरू झाला. परंतु घराच्या विम्याची पॉलिसी ज्या ईमेलमध्ये होती, तो दूरच्या सर्व्हरवर सुखरूप आणि आम्ही येथे रिकाम्या हाताने!

म्हणून पत्रांची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवणारा प्रोग्राम हवा होता. क्लॉज मेल जुन्या यंत्रावर हलका चालतो, प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल करतो. पण त्यात ठळक वा रंगीत अक्षरांत पत्र लिहिता येत नाही. सौभाग्यवतींना ते पटेना. शेवटी थंडरबर्ड घेतला.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. आयमॅप पद्धतीत सर्व्हरवरील पत्र पुसले, की येथील प्रतही जाते. महत्त्वाच्या पत्रांची नक्कल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये करावी. बँकेत कार्बन प्रत आम्ही उगाच जपत नव्हतो. आता दर महिनाअखेरीस ते फोल्डर मी पेन ड्राइव्हवरही उतरवून घेतो.