अडतंय तिथेच विषय आहे

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय तुम्ही कसा निवडता, खरं सांगा? बऱ्याच वर्गांत दोनच उत्तरं मिळतील: सीनियरचा जुना रिपोर्ट, नाहीतर ‘अमक्या ॲपसारखं ॲप’. बाहेर चाललेलं इथे आणायचं म्हणजे टेक्नॉलॉजी, असं आपण धरूनच चाललोय. केनियातल्या तरुणांनी तसं धरलं नाही.

2007 च्या डिसेंबरात तिथे निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला. थेट प्रक्षेपणावर बंदी आली. कुठे काय चाललंय, कळेना. तेव्हा काही ब्लॉगर आणि प्रोग्रॅमर एकत्र आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ‘उशाहिदी’ उभं केलं. स्वाहिली भाषेत याचा अर्थ साक्ष. लोकांनी एसएमएसने किंवा वेबवरून माहिती कळवायची, ती नकाशावर दिसायची. 2010 मध्ये हैतीच्या भूकंपात हेच सॉफ्टवेअर मदतकार्यात वापरलं गेलं.

पुढे उशाहिदीतल्याच मंडळींनी ‘ब्रिक’ नावाचा राउटर काढला. नैरोबीत लाइट जाते, नेट तुटतं आणि बाजारातले राउटर मात्र लाइट कधी जातच नाही असं समजून बनवलेले. ब्रिक बॅटरीवर सुमारे 8 तास चालतो आणि केबलचं नेट गेलं की मोबाइल नेटवर्कवर जातो. 2013 मध्ये त्यासाठी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले.

याला प्लीज ‘जुगाड’ म्हणू नका. जुगाडाने आपलं आजचं काम भागतं. यांनी अनोळखी माणसालाही उद्या वापरता येईल अशी वस्तू बनवली.

‘पण पैसा कुठून आणायचा?’ प्रश्न रास्त आहे. पैशाअभावी चांगल्या कल्पना मरतातही. पण त्याआधीचा प्रश्न, त्रास नक्की कुणाला आणि कसला, हा सोडवायला पैसे लागत नाहीत. रात्रीच्या लाइटीवर पिकाला पाणी द्यायला उठणारे वडील ज्यांनी पाहिलेत, त्यांना तो त्रास कुठल्याही परदेशी कंपनीपेक्षा जास्त कळतो. तीच मुलं कॉलेजात येऊन फूड डिलिव्हरीच्या ॲपची कॉपी करतात, तेव्हा नुकसान फक्त मार्कांचं होत नाही. गावाकडचा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून यंदा विषय ठरवण्याआधी गूगल उघडू नका. घरी फोन लावा आणि विचारा, सध्या तिकडे काय अडतंय?