वेगाला वाट द्या, रस्ता नव्हे

मुंबईचा किनारी रस्ता 2024 च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला होऊ लागला आणि थोड्याच काळात ब्रीच कँडी व नेपियन सी रोड या बाजूच्या रहिवाशांची एक तक्रार कानी येऊ लागली. मध्यरात्र उलटली की सायलेन्सर बदललेल्या मोटारी या रस्त्यावरून किंचाळत जातात, आजारी माणसे दचकून जागी होतात आणि लहान मुले रडत उठतात. सरळ भागावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली आहे. ती वाचण्याइतका वेळ या चालकांपाशी नसतो. ज्या शहरात दिवसा मोटार बैलगाडीच्या गतीने चालते, तेथे रात्री कोणाला तरी वेगाची भूक लागणार, हे समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे आहे म्हणून ते क्षम्य आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

या विषयावर लिहिताना आमची भूमिका आरंभीच स्पष्ट केलेली बरी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणारा मनुष्य श्रीमंताचा मुलगा असो की गॅरेजमधला कारागीर असो, तो दुसऱ्याच्या जिवाशी जुगार खेळत असतो. 2022 साली या देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे 71 टक्के मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या सदरात टाकले आहेत. 2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, ती रात्र महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या खटल्यात दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. मोटार वाहन कायद्याचे 189 वे कलम रस्त्यावरील शर्यतीस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, सांगते. कोट्यवधींच्या मोटारीत बसणाऱ्यास पाच हजारांचा दंड म्हणजे एका संध्याकाळच्या जेवणाचे बिल. या कलमातील कैद कागदावरून उतरून कधी तरी प्रत्यक्षात यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

परंतु या निमित्ताने जी मागणी जोराने पुढे येते, तिच्याशी आम्ही सहमत नाही. मोटारीत काही बदल केलेला दिसला की ती जप्त करा, सायलेन्सर काढून रस्त्यावर मांडा आणि त्यांवरून रोडरोलर फिरवा, ही ती मागणी. असा रोडरोलर अनेक शहरांतील पोलिसांनी फिरवलाही आहे. दृश्य नयनरम्य असते आणि छायाचित्रही चांगले येते. पण दुसऱ्या दिवशी तसाच सायलेन्सर त्याच बाजारात मिळतो. शिवाय सुक्याबरोबर ओलेही जळते, ते निराळेच.

हे ओले कोणते, ते वाचकांस सांगावयास हवे. मोटारीचा नाद असणाऱ्या तरुणांत एक वर्ग असा आहे, की जो रस्त्यावर मुकाट्याने चालतो आणि वर्षातून चार-सहा वेळा आपलीच मोटार घेऊन बंदिस्त ट्रॅकवर जातो. शुल्क भरावे, शिरस्त्राण घालावे, सूचना ऐकाव्यात आणि मोकळ्या मार्गावर आपली व आपल्या यंत्राची परीक्षा पाहावी, असा तो कार्यक्रम असतो. त्यात बक्षीस नसते, क्रमांक नसतो. याला ते ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. सोमवारी तीच मोटार कचेरीत न्यावयाची असते, कारण दुसरी मोटार ठेवण्याइतकी ऐपत यांच्यापैकी अनेकांची नसते. म्हणजे एकाच यंत्राने दोन डगरींवर पाय ठेवावयाचे. या हौसेतील खरी अडचण तेथेच आहे, आणि आपल्या कायद्याने नेमकी तीच पाहिलेली नाही.

ब्रेकचेच उदाहरण घेऊ. वेग दुप्पट झाला की मोटारीतील गतिज शक्ती चौपट होते, आणि थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो; ट्रॅकवर प्रत्येक फेरीत अनेकदा येतो. साधे ब्रेक पॅड पाच-सहा फेऱ्यांत तापून निकामी होऊ लागतात, आणि ब्रेक ऑईल उकळले तर चालकाचा पाय फरशीपर्यंत जातो व मोटार थांबत नाही. डॉट-4 प्रतीचे नवे ऑईल निदान 230 अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. परंतु हे ऑईल हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल धरलेल्या ऑईलसाठी तोच दंडक 155 अंशांवर येतो. मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या ऑईलावर ट्रॅकवर जाणे म्हणजे काय, हे यावरून कळावे. तेव्हा सुज्ञ हौशी मनुष्य प्रथम ब्रेक सुधारतो, इंजिनाची ताकद वाढविण्याचा विचार त्यानंतर करतो. हा बदल त्याच्या व इतरांच्या हिताचाच असतो.

पण येथे दुसरी बाजू उभी राहते. शर्यतीसाठीच बनविलेले पॅड तापल्यावाचून पकड घेत नाहीत. सकाळी घरातून निघून पहिल्याच वळणावर सायकलवरचा पोरगा आडवा आला, तर तेच महागडे पॅड साध्या पॅडहून उशिरा मोटार थांबवतील. टायरांचेही तसेच. कमी खाचांचे मऊ टायर कोरड्या ट्रॅकवर गोंदासारखे चिकटतात. जुलैमध्ये खंडाळ्याच्या घाटात साचलेल्या पाण्यावर तेच टायर होडीसारखे तरंगतात. मोटार जमिनीलगत उतरवून तिच्या स्प्रिंगा कडक केल्या की गुळगुळीत वळणावर ती झुकत नाही; परंतु आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांत तिची चाके जमीन सोडतात आणि गतिरोधकावर पोट घासते ते वेगळेच. (या बाबतीत आमच्या नगरपालिकांनी मोटारी उतरविण्याविरुद्ध जी परिणामकारक मोहीम चालविली आहे, तिचे श्रेय त्यांस कोणी देत नाही.) छताखाली पोलादी नळ्यांचा पिंजरा बसविला तर शिरस्त्राण घातलेला चालक उलटलेल्या मोटारीतूनही वाचतो. रस्त्यावर उघड्या डोक्याने बसणाऱ्यास मात्र साध्या धडकेत तीच नळी कपाळमोक्ष घडवू शकते. एका ठिकाणी जे संरक्षण, तेच दुसऱ्या ठिकाणी संकट, असा हा मामला आहे. कोणता बदल किती प्रमाणात दोन्हीकडे चालेल, हे सांगण्यास जाणकार लागतो, आणि आज हा जाणकार म्हणजे बहुधा गॅरेजवाला असतो, ज्याला भाग विकावयाचे असतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते, की नोंदणीपुस्तकातील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकाने करू नये. केरळ उच्च न्यायालयाने याबाबत दिलेला सवलतीचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी रद्द केला आणि या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने गैरवाजवी बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ठीक आहे. पण नोंदणीपुस्तकात आसनांची संख्या असते, रंग असतो, वजन असते. ब्रेकच्या पॅडचा पदार्थ त्यात नसतो आणि टायरच्या खाचाही नसतात. मागचे आसन काढले तर कायद्यास ते तत्काळ दिसते. पावसात तरंगणारे टायर घातले तर त्यास काही दिसत नाही. चौकात उभा असलेला हवालदार काय ओळखणार? तो आवाज ओळखतो, रंग ओळखतो आणि समोरच्या माणसाची घाबरगुंडी ओळखतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, यापेक्षा याला दुसरे नाव नाही.

याहून शहाणा मार्ग जगात आहे. वेगाचे वेड जर्मनांइतके क्वचितच कोणाला असेल, पण त्यांनी या वेडाला शिस्त लावली आहे. तेथे मोटारीत बदल केला आणि त्याची रीतसर तपासणी झाली नाही, तर तिचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. परंतु तपासलेल्या भागांना प्रमाणपत्र असते; ते कागद दाखवून, जरूर तेथे तज्ज्ञाकडून पाहणी करवून घेऊन, मनुष्य निर्धास्त मोटार चालवतो. 1927 साली खुल्या झालेल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, सुमारे 20.8 किलोमीटरच्या त्या घाटासारख्या मार्गावर, ठराविक दिवशी कोणीही शुल्क भरून आपली रस्त्यावरची मोटार नेऊ शकतो. त्या दिवशी तो एकेरी वाहतुकीचा रस्ता मानला जातो आणि वाहतुकीचे नियम लागू राहतात. तेथेही अपघात होतात, हे आम्ही लपवीत नाही; पण ते आजाऱ्यांच्या खिडकीखाली होत नाहीत.

आपल्याकडे असे काही अशक्य आहे काय? पुण्यात 1966 पासून एआरएआय ही मोटारींची चाचणी करणारी संस्था आहे. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारींस ती मान्यता देते, तिला ब्रेक पॅडची परीक्षा जड जाऊ नये. गॅसच्या संचाला, विजेच्या मोटरीच्या संचाला मान्यता देण्याची पद्धत देशात रूढ आहे. आणि मौज अशी, की ज्या 2019 च्या दुरुस्तीने दंड वाढविला, तिनेच 52 व्या कलमात केंद्र सरकारला बदलांचे निकष व मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकारही दिला. इतकेच नव्हे, तर अशा मान्य बदलामुळे कारखानदाराची हमी रद्द समजू नये, असेही म्हटले. दंडाचा अर्धा भाग आम्हांस पाठ झाला. हा अर्धा भाग क्वचितच कोणी वाचतो.

प्रश्न जागेचाही आहे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर एके काळी फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि हेराल्ड यांसारख्या घरगुती मोटारी गॅरेजमध्ये घासूनपुसून धावत. त्या परंपरेतून पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ ट्रॅक झाला, 2003 मध्ये कोइमतूरला दुसरा झाला, आणि 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, तामिळनाडूचाच निघाला, यात आम्हांस योगायोग दिसत नाही. ग्रेटर नोएडाचा ट्रॅक 2011 मध्ये भव्य थाटात उघडला; 2013 नंतर फॉर्म्युला वन तेथून गेली. मोटारींच्या कारखान्यांचा अभिमान मिरविणाऱ्या महाराष्ट्रात पुण्याजवळ नानोली येथे अलीकडे खासगी ट्रॅक झाला आहे आणि लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील शर्यती झाल्या आहेत. एवढ्यावर मुंबई-पुण्याच्या तरुणांची भूक भागणार नाही, आणि मध्यमवर्गीयाला परवडेल अशा दरात तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट हौशी मंडळींनीही लक्षात घ्यावी. मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गेलेली मोटार भिंतीवर आदळली तर तो खर्च स्वतःचा. बदल विमा कंपनीपासून लपविला असेल, तर रस्त्यावरच्या साध्या अपघातातही तक्रार उभी राहते. आवाजाविषयी तर आमच्यापाशी त्यांच्यासाठी सहानुभूतीचा एक शब्दही नाही. सायलेन्सर पोकळ केल्याने आणि धूर शुद्ध करणारे यंत्र काढून टाकल्याने घरापासून ट्रॅकपर्यंतच्या लोकांना कानठळ्या व विषारी धूर यांखेरीज काय मिळते? ट्रॅकवर ते बसवा, परत निघताना काढा. दोन तासांचे काम आहे. हौसेला मोल नसते म्हणतात, तर तेवढे श्रमही करावेत.

राज्य सरकारने केंद्राकडे 52 व्या कलमातील तो विसरलेला अधिकार वापरण्याचा आग्रह धरावा. आरंभ ब्रेक, टायर आणि स्प्रिंगा या तीन गोष्टींपासून व्हावा. मान्य भागाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढावा, म्हणजे हवालदाराला कागद पाहता येईल आणि मालकाला खिशात हात घालावा लागणार नाही. परिवहन कार्यालयात अशा तपासणीसाठी आठवड्यातून एक दिवस राखावा. वापरात नसलेली एखादी धावपट्टी महिन्यातील एका रविवारी, रुग्णवाहिका व अग्निशामक बंब ठेवून, माफक शुल्कात खुली करावी. आणि त्यानंतरही जो किनारी रस्त्यावर रात्री एक वाजता शर्यत लावील, त्याची मोटार तर जप्त व्हावीच, पण 189 व्या कलमातील कैदही त्याला सकाळी न्यायालयात मागितली जावी.