टर्बो गाडी आणि इथेनॉलचे पेट्रोल

लग्नाच्या मांडवात, मशिदीबाहेरच्या चहाच्या गाड्यावर, शाळेतल्या स्टाफरूममध्ये हल्ली एक वाक्य हमखास कानावर येते: "टर्बो गाडी घेऊ नका, इथेनॉलने टर्बो जळतो." बोलणारा इतक्या खात्रीने बोलतो की ऐकणाऱ्याचा निम्मा निर्णय तिथेच होतो. नांदेड-लातूरकडच्या आपल्या घरांत पुण्या-मुंबईहून आलेल्या सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाड्या आता दिसू लागल्या आहेत. त्यात घातलेला पैसा भिशीचा असतो, कर्जाचा असतो, सौदीत राबणाऱ्या भावाने पाठवलेला असतो. तेव्हा हा प्रश्न ऐकीव बोलण्यावर सोडून चालणार नाही.

आम्ही पडलो भाषेचे शिक्षक, म्हणून आधी शब्दाचे सांगतो. इथेनॉल हे एक अल्कोहोल, आणि अल्कोहोल हा शब्द युरोपात गेला तो अरबी 'अल-कुहल'वरून. कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. आधी बारीक पूड, मग कशाचाही काढलेला अर्क, असा अर्थ सरकत सरकत तो दारूच्या अर्काला जाऊन चिकटला. पंपावर येते ते मात्र जळण आहे.

हा प्रयोग नवाही नाही. २००१ साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतले दोन आपल्याच राज्यात, मिरज आणि मनमाडला होते. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के, जून २०२२ मध्ये देशभर सरासरी दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के, असा हा प्रवास. याच वीस टक्केवाल्या पेट्रोलला ई-२० म्हणतात.

आता टर्बोकडे येऊ. साधे इंजिन स्वतःच्या दमाने हवा ओढते. टर्बोत सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर एक छोटे चाक फिरते, मिनिटाला लाखाहून जास्त फेरेही घेते, आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येते. म्हणून एक लिटरचे इंजिन दीड लिटरच्या इंजिनासारखे ओढते. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचे टोक कसे गरम होते ते मुलांना विचारा. त्या उष्णतेत काही पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकते. टक-टक आवाज येतो. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात, आणि टर्बो इंजिनाचा खरा शत्रू तोच. मे महिन्यातल्या नांदेडच्या उन्हात, चार माणसे आणि सामान घेऊन चढ चढताना त्याची शक्यता आणखी वाढते.

पेट्रोल किती दाब सोसते, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. सरकारने दिलेले आकडे असे: नुसत्या पेट्रोलचा ऑक्टेन ८४.४, इथेनॉलचा १०८.५. ई-२० चा ऑक्टेन ९५ च्या आसपास जातो. दुसरे असे की इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेते. अत्तर हातावर लावले की गार वाटते, तोच प्रकार. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तिथे हा गारवा नेमक्या गरजेच्या ठिकाणी मिळतो. म्हणजे नॉकिंगपुरते बोलायचे तर टर्बो इंजिनाला इथेनॉल मानवते. मांडवातल्या वाक्यात नेमके हेच उलटे सांगितले जाते.

मग बिघडते कुठे? एक तर अ‍ॅव्हरेजमध्ये. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिले आहे की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल, आणि दहासाठी घडवून वीससाठी जुळवलेल्या गाडीचे १ ते २ टक्के. घरचा हिसाब मांडू. महिन्याला ९०० किलोमीटर, लिटरला १५ चे अ‍ॅव्हरेज, म्हणजे ६० लिटर. चार टक्के घट धरली तर अडीच लिटर जास्त. लिटरला १०५ रुपये धरले तर दोनशे साठ-बासष्ट रुपये. इंजिन जळाले नाही, पण खिसा मात्र हलका झाला.

दुसरे, जुळवणी. इथेनॉलच्या अंगी स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तितक्याच हवेला इंधन जास्त लागते. आजच्या गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरवरून ते ओळखून फवारा वाढवतो. पण पूर्ण जोर लावलेल्या टर्बोत तो बराचसा आधी भरून दिलेल्या आकड्यांवर चालतो, आणि ते आकडे दहा टक्क्यांचे असतील तर तारांबळ होऊ शकते. तिसरे, रबर. जुन्या रबरी नळ्या आणि गास्केट इथेनॉलने फुगतात, चिरतात. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत हे भाग ई-२० सोसणारे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनाची जुळवणीही ई-२० ची. म्हणजे गाडी टर्बो आहे का, यापेक्षा ती कोणत्या साली बनली, हा प्रश्न मोठा.

मग बिनइथेनॉलचे पेट्रोलच टाकावे का? इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये आले, ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांसाठी आणि साध्याच्या जवळजवळ दुप्पट भावाने. ९१ ऑक्टेनसाठी जुळवलेल्या इंजिनाला ते पाजून फारसे काही हाती लागत नाही. आमच्या मते तो पैसा वेळेवर ऑइल बदलण्यात घालावा. टर्बो मरतो तो बहुधा जुन्या, काळ्या ऑइलने, आणि दोष जातो पेट्रोलला.

आमची तक्रार वेगळी आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात म्हटले होते की ऊर्जा कमी असल्याने असे इंधन ग्राहकाला स्वस्त द्यावे. पुढे इथेनॉलच महाग झाले. जुलै २०२५ अखेर त्याचा सरासरी खरेदी भाव लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता. स्वस्ताई राहून गेली. साधे पेट्रोल निवडता यावे यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे, पण तिथे बहुतेक गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात आणि नुसते इथेनॉल वेगळ्या भावाने विकत मिळते. माणूस भाव बघून ठरवतो.

आणि लातूरकरांनी पाण्याचा आकडाही माहीत करून घ्यावा. साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असा याच अहवालातला अंदाज. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. भागून पाहा: पावणेदोनशे लिटर इथेनॉल. मका आणि इतर धान्यांचा वाटा आता वाढतो आहे, तरी मांजरेच्या काठचा ऊस आपण रोज पाहतोच.

गाडी घ्यायचीच असेल तर पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून ई-१० की ई-२० ते वाचा, आणि पुस्तिकेतले इंधनाचे पान बघा. २०२३ पूर्वीची असेल तर ओळखीच्या मिस्त्रीकडून रबरी नळ्या, पंपाजवळचे गास्केट तपासून घ्या आणि बदलायचा खर्च सौद्यातच कापून घ्या. ऑइल कधी बदलले त्याच्या पावत्या मागा. नसतील तर भाव पाडा. भाईजान आखातात आणि गाडी अंगणात महिनोन्‌महिने उभी, असे असेल तर टाकीतले पेट्रोल शिळे होऊ देऊ नका, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. नांदेडच्या गॅरेजांवर आपलीच कितीतरी मुले हात काळे करत असतात. त्यांच्यापैकी कुणी हा अंक वाचत असेल तर त्याने टक-टक आवाज ऐकताच 'पेट्रोल खराब आहे' म्हणून गाडी परत पाठवू नये. आधी स्कॅनर लावावा, मग प्लग काढून बघावेत.