करील, करेल आणि करणेत येईल

परवा आमच्याच अग्रलेखातला 'करील' मुद्रितशोधकाने लाल शाईने खोडला आणि वर 'करेल' लिहिले. विचारले तर म्हणाला, "हल्ली असं कोण बोलतं?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. रत्नागिरीच्या बाजारपेठेत दिवसभर उभे राहिले तरी 'करील' कानावर पडायचा नाही. पण त्याच अंकात मागच्या पानावर जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस होती, 'तमाम लोकांस कळविणेत येते की' अशी सुरू होणारी. तिच्यावर लाल शाईचा ठिपकाही नव्हता. बाजारात असे तरी कोण बोलते?

जुनी क्रियापदरूपे ठेवावीत की काढावीत, हा वाद मराठीत अधूनमधून उफाळतो. एक बाजू म्हणते, बोलण्यात नाही ते लिहिण्यात कशाला? मुलांना, मराठी नव्याने शिकणाऱ्यांना 'तो जाई' वाचून जाईचे फूल आठवते. दुसरी बाजू म्हणते, ही आपली पुंजी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या बाजूचा आवाज जरा चढला आहे. आमची अडचण अशी की दोन्ही बाजू रूपाचे वय मोजतात. ते रूप आज काही काम करते का, हे फारसे कोणी पाहत नाही.

या वादात रत्नागिरीकरांनी जरा जास्त रस घ्यायला हरकत नाही, कारण त्याची मेढ आपल्याच जिल्ह्यात रोवलेली आहे. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत जुने आणि नवे यांच्या मधली रेघ केशवसुतांपाशी ओढली आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना मुळाबरहुकूम छापायचे. या दोघांसह पुढचे सारे नव्या नियमांनी. म्हणजे मालगुंडात १८६६ साली जन्मलेला कवी मराठी लेखनाचा हद्दीचा दगड झाला. आणि याच कवीचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि क्रियापदांची एकूण एक रूपे नावे देऊन मांडून ठेवली. ताख्यात, लाख्यात, ईआख्यात, वाख्यात ही नावे ऐकून आजच्या विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. पण त्या मांडणीत एक शहाणपण आहे. नाव अर्थावरून न देता रूपावरून दिले, की ते रूप उद्या दुसऱ्या कामाला लागले तरी नाव चुकत नाही.

तशी रूपे लागतातच. ज्ञानेश्वरांच्या काळी 'करी' म्हणजे 'करतो'. पुढे वर्तमानकाळाची जागा 'करतो'ने घेतली, आणि 'करी' मागे सरून 'करत असे' या अर्थाला आला. त्यालाच 'ल' लागून 'करील' झाला. म्हणजे ज्याला 'करी' जुनाट वाटतो, तोही 'येईल' आणि 'जाईल' म्हणताना तेच नाणे खर्च करत असतो. नकारात तर हे रूप ठणठणीत आहे. पाऊस थांबेना, झोप येईना, पोर ऐकेना: आषाढातल्या कोकणात यावाचून कोणाचे चालत नाही. 'तो म्हणे मुंबईला गेला' यातला 'म्हणे' त्याच घरचा. ऐकीव बातमीची जबाबदारी अंगावर न घेण्याची इतकी सुटसुटीत सोय पत्रकारांनाही दुसरी सापडलेली नाही. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' हे तर त्याहून जुने, 'जाणिजे', 'कीजे' यांच्या पंगतीतले. 'करू नये' मधला 'नये' म्हणजे मुळात 'न ये'. पत्रातला 'असे' आपल्याला दप्तरी वाटतो, पण खानदेशात अहिराणी बोलणारा माणूस 'आहे'च्या जागी 'शे' म्हणतो, तो त्याच 'असे'चा नातलग. काढूनच टाकायचे ठरवले तर हात कुठे थांबवायचा, हे आधी सांगावे लागेल.

आता 'करील' घ्या. जुना दंडक असा: सकर्मक धातूला 'ईल', अकर्मकाला 'एल'. तो दार उघडील, दार उघडेल. वारा फांदी मोडील, फांदी मोडेल. एका स्वराने कळते की कर्ता दुसऱ्या कशावर तरी काही करतो आहे की ते आपसूक घडते आहे. 'बसतो' पण 'करितो', 'उठला' पण 'योजिला', यांतही हीच जुनी विभागणी आहे. म्हणून लग्नपत्रिकेतले 'योजिले' हे निव्वळ नटणे नाही. तरी मुद्रितशोधकाची बाजू हलकी नाही. या दंडकाला अपवाद पुष्कळ आहेत, 'म्हणेल' हा सकर्मक असून कधीच 'म्हणील' म्हणून धड नांदला नाही. आणि 'तो दार उघडेल' ऐकून कोणाचा घोटाळा होत नाही, शेजारी दार असतेच. जो भेद वाक्यातले इतर शब्द सांभाळतात, तो स्वरानेही सांभाळावा असा हट्ट कशाला? आम्हाला हे बरेचसे पटते. 'करेल' लिहिणाऱ्याला अशुद्ध ठरवणे अन्याय आहे. 'करील' खोडणे हाही तितकाच.

रीतिभूतकाळाबाबत मात्र आमचे मन दुसरीकडे झुकते. 'आजोबा रोज समुद्रावर जायचे' हे बोलणे. 'जात असत' ही माहिती. आणि 'जात' किंवा 'जाई' म्हटले की आठवणीचा दरवाजा किलकिला होतो. 'जायचे'ने काम भागते हे खरे, पण त्याला लिंग-वचन सांभाळावे लागते, आणि पाच-सहा क्रिया ओळीने आल्या की 'चा-ची-चे'ची खडखड सुरू होते. 'जाई'सारख्या ई-रूपाला लिंगाची फिकीर नसते आणि मागे 'असे'चे शेपूट नसते, त्यामुळे एकामागून एक क्रिया हलक्या पावलांनी येतात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'त ही रूपे पानोपानी आहेत. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे, आणि ते आजही शाळकरी मुले वाचतात. ई-रूपापाशी अडखळून कोणी ते मिटून ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आपल्याच देशात बंगालीने हा प्रश्न धडाक्याने सोडवला. तिथे साधू भाषेत 'करितेछे', चलित भाषेत 'करछे'. दोन्ही शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि रवींद्रनाथांनी दोन्हींत लिहिले. 'आनंदबाजार पत्रिका' १९६५ मध्ये साधू सोडून चलितवर आली. ब्रह्मदेशातही लेखी भाषेचे क्रियापदाचे शेवट वेगळे आणि बोलीचे वेगळे. १९६० च्या दशकात मंडालेच्या काही लेखकांनी लेखी रूपे टाकून द्यावीत अशी चळवळ केली, पण सरकारी कागदांत ती आजही टिकून आहेत. ज्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि जो १९१६ मध्ये इथेच वारला, त्याच्या भाषेची ही गोष्ट. राजवाडा पाहायला जाणाऱ्यांना ती कोणी सांगत नाही. मराठीत दोन भाषा होण्याइतकी दरी कधी पडलीच नाही. आपल्याकडे जुनी रूपे नव्याच्या अंगणात फिरत राहिली. म्हणून बंगालीसारखा एका दिवसाचा निर्णय इथे शक्यही नाही आणि त्याची गरजही नाही.

राहिली ती कचेरी. 'करणेत येत आहे', 'मिळणेबाबत', '१५ दिवसांचे आत'. महामंडळाचा नियम स्पष्ट आहे: एकारान्ताचे सामान्यरूप या-कारान्त, म्हणून 'करणे'चे 'करण्यासाठी'. तो मोडला जातो म्हणून भाषाप्रेमी हळहळतात. पण समजा उद्या साऱ्या तहसील कचेऱ्यांनी 'करण्यात येत आहे' असे बिनचूक लिहिले. अर्ज नामंजूर कोणी केला, पाणी कोणी बंद केले, हे कागदावरून कळेल का? दोष 'णेत'मध्ये नाही, 'येत आहे'मध्ये आहे. काम करणारा माणूस त्या दोन शब्दांआड जाऊन बसतो. गंमत अशी की जुनी पत्रे या बाबतीत आपल्याहून रोखठोक. 'आज्ञा केली असे', 'जाणिजे' असे लिहिणारा समोरच्याशी बोलत होता, आणि आज्ञा कोणाची ते मायन्यातच असे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभार मराठीत आला ही मोठी गोष्ट झाली, पण इंग्रजी मसुद्यातला कर्मणी प्रयोग बरोबर आला आणि त्याला आपण जुन्या मराठीचा अंगरखा चढवला. आज त्या अंगरख्यालाच आपण मराठीचे वय समजतो.

कारकुनाचीही बाजू आहे. आदेश तो काढत नाही, कार्यालय काढते. 'मी नामंजूर करतो' असे लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. ठरलेला मसुदा कोर्टात टिकतो, नवा शब्द घातला तर वरिष्ठ विचारतात. हे सगळे मान्य. तरी 'तहसीलदारांनी अर्ज नामंजूर केला आहे' या वाक्यात बेकायदा काय आहे, ते आम्हाला कोणी समजावून सांगितलेले नाही. शुभेच्छांचे 'होवो', श्रद्धांजलीतले 'ईश्वर शांती देवो' हीही जुनीच रूपे, पण त्यांवर कोणी आक्षेप घेत नाही, कारण तिथे मागणारा कोण आणि देणारा कोण यात संशय नसतो.

तेव्हा आमच्या अंकापुरते असे ठरले आहे. 'करील' आणि 'करेल' लेखक लिहील तसे छापायचे. ई-रूपे आठवणींत आणि कथांत राहू द्यायची, बातमीत नको. आणि बातमीत 'करण्यात आले' दिसले की बातमीदाराला फोन करून विचारायचे, कोणी केले? मुद्रितशोधकाने हे ऐकून घेतले, आणि मागचे पान पुढे सरकवून नोटिशीकडे बोट दाखवले. ती पैसे भरून आलेली, वकिलाच्या सहीची, एक अक्षर हलवायची आम्हाला मुभा नाही. ती याही अंकात आहे, सातव्या पानावर, 'कळविणेत येते की'सकट.