‘40 टक्के भाजले’ म्हणजे नेमकं काय? आणि सावनेरच्या रुग्णासाठी पहिले आठ तास का महत्त्वाचे?

3 फेब्रुवारी 2020. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटमध्ये सकाळी कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आलं. तिला नागपूरच्या रुग्णालयात हलवलं गेलं. ती सुमारे 40 टक्के भाजल्याच्या बातम्या आल्या. आकडा निम्म्याहून कमी, म्हणून अनेकांना आशा होती. पण 10 फेब्रुवारीला तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 2022 रोजी आरोपीला जन्मठेप झाली.

मग त्या 40 टक्क्यांचा अर्थ काय होता?

टक्के कसे मोजतात?

प्रौढांसाठी ‘नऊचा नियम’ वापरतात. डोकं आणि मान मिळून 9 टक्के, प्रत्येक हात 9, प्रत्येक पाय 18, छाती-पोट 18, पाठ 18 आणि जननेंद्रियाचा भाग 1. म्हणजे हा आकडा फक्त किती त्वचा भाजली ते सांगतो. जखम किती खोल आहे किंवा धूर फुप्फुसात गेला का, हे त्यातून कळत नाही.

हिंगणघाटच्या तरुणीचा चेहरा, मान आणि श्वसनमार्ग भाजला होता. डॉक्टर धोक्याचा अंदाज बांधताना वयात भाजल्याचे टक्के मिळवतात. श्वसनमार्ग भाजला असेल तर त्यात आणखी 17 जोडतात. म्हणूनच तेवढेच टक्के भाजलेला 25 वर्षांचा रुग्ण आणि 65 वर्षांचा रुग्ण यांची अवस्था सारखी नसते.

पहिल्या आठ तासांत काय होतं?

20 टक्क्यांहून जास्त भाजलं की रक्तातलं पाणी शरीरात इतरत्र झिरपतं, रक्तदाब कोसळतो. त्यासाठी सलाईन लागतं. प्रचलित सूत्रानुसार 60 किलोच्या, 40 टक्के भाजलेल्या रुग्णाला 24 तासांत साधारण 9.6 लिटर. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि हे तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नाही, तर भाजल्यापासून मोजतात.

सावनेरहून नागपूर साधारण 35 ते 40 किलोमीटर. पण घरगुती उपायांत, गाडी शोधण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात तीन-चार तास सहज जातात. म्हणून सलाईन सावनेरलाच सुरू होणं आणि श्वासनलिका सुजण्याआधी श्वासाची सोय होणं गरजेचं असतं.

त्यानंतरचा धोका कोणता?

संसर्ग. त्वचा गेली की जंतूंना अडवणारी भिंतच राहत नाही. पहिल्या दिवसांतून वाचलेले अनेक रुग्ण पुढे रक्तातल्या जंतुसंसर्गाने दगावतात. त्यामुळे मेलेली त्वचा लवकर काढून जखम झाकावी लागते. स्वतःची त्वचा पुरत नसेल, तर मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरती लावतात. त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही, पण ती मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते. नेत्रदानाबद्दल घरात बोललं जातं, त्वचादानाबद्दल क्वचितच.

कुणी भाजलं तर काय करायचं?

- आधी आग विझवा. भाजलेल्या भागावर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. मोठ्या भागावर भाजलं असेल तर अंग गार पडू देऊ नका.
- बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. चिकटलेले कपडे ओढू नका.
- अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, नंतर सूज येते.
- स्वच्छ कापडाने झाका आणि 108 ला फोन करा.
- आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील किंवा थुंकीत काजळी दिसत असेल, तर डॉक्टरांना ते सर्वात आधी सांगा. भाजल्याची नेमकी वेळही सांगा.