डिस्चार्ज कार्डावर हवी असलेली एक ओळ

ऑपरेशन यशस्वी झाले, असे डॉक्टरांनी सांगितले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, फाइल कपाटात जाते आणि विषय मिटतो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल धडधड, या विकारावर केल्या जाणाऱ्या ॲब्लेशनच्या बाबतीत मात्र हा विषय इतक्या लवकर मिटवू नये, असे माझे मत आहे.

फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त साधारणपणे चार शिरांमधून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येते. ही बेताल धडधड पुष्कळदा याच शिरांमधून सुरू होते, हे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हाइसाग्वेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मग जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन ती जागा उष्णतेने भाजण्याची किंवा गोठवण्याची पद्धत रूढ झाली. तिने अनेकांचे जगणे सुसह्य केले, हे मान्यच आहे.

पण भाजलेली जागा भरून येताना आकसू शकते. सुरुवातीला शिरेच्या आतच भाजत असत, त्यामुळे काही रुग्णांच्या शिरा अरुंद झाल्या. डॉक्टरांनी त्यातून धडा घेतला, भाजण्याची रेघ शिरेबाहेर कप्प्याच्या भिंतीवर आणली आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. विजेच्या क्षणिक स्पंदनांच्या नव्या पद्धतीत तो आणखी कमी आहे. तिच्या उपकरणाला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र जुन्या पद्धती अजून वापरात आहेत.

खरी अडचण पुढे आहे. शीर अरुंद झाल्याची लक्षणे बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतात: दम लागणे, न थांबणारा खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त. ठोके तर नीट पडत असतात, मग हृदयाची आठवण कोणाला होणार? मोठ्या शहरात उपचार घेऊन गावी परतलेला रुग्ण जवळच्या डॉक्टरकडे जातो. तिथे न्यूमोनिया किंवा दमा ठरतो. थुंकीत रक्त दिसले, तर आपल्याकडे आधी टीबीचीच शंका येते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! यात गावच्या डॉक्टरला दोष कसा द्यायचा? त्याला कोणी काही कळवलेलेच नसते.

वेळ मात्र निघून जाते. अरुंद झालेली शीर फुग्याने किंवा स्टेंट घालून उघडता येते, जरी ती पुन्हा आकसण्याची भीती राहते. पूर्ण बंद झालेली शीर उघडणे फार कठीण असते. निदानासाठी सीटी अँजिओग्राफी लागते. छातीवरून केलेल्या नेहमीच्या इकोत हे सुटून जाऊ शकते.

असे सांगितल्याने रुग्ण घाबरतील, असा आक्षेप घेतला जातो. पण संमतीपत्रावर धोक्यांची यादी छापलेली असतेच. फरक एवढाच की ती ऑपरेशनच्या आधी, घाईत आणि बहुधा इंग्रजीत समोर येते. सही घेतली म्हणजे माहिती दिली, असे होत नाही. माहिती रुग्णासोबत घरी गेली पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत एवढेच लिहा: 'पुढील काही महिन्यांत दम, खोकला किंवा थुंकीत रक्त आढळल्यास हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. ॲब्लेशन झाले आहे, फुप्फुसाच्या शिरा तपासाव्यात.' या ओळीला खर्च काहीच नाही. रुग्णालय ती स्वतःहून देत नसेल, तर घरी निघण्याआधी आपणच मागून घ्यावी.